सोनोग्राफीत 'पीसीओडी' लिहून आलंय, निदान पक्कं धरायचं का?

म्हादईकाठ
भाचीचे रिपोर्ट समोर आहेत. वय १९, पहिली पाळी तेराव्या वर्षी. गेलं वर्षभर पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. हनुवटीवर पाच-सहा जाड केस, गालांवर थोड्या पुटकुळ्या. वजन ५४ किलो, उंची १५८ सेंमी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत उजवी ओव्हरी ३.५ × २.६ × २.२ सेंमी, डावी ३.२ × २.५ × २.०, खाली शेरा 'बल्की ओव्हरीज, पीसीओडी'. रक्तात फक्त थायरॉईडचं टीएसएच (३.१) आणि हिमोग्लोबिन (१०.४) पाहिलंय. चिठ्ठीवर २१ दिवसांच्या हॉर्मोनच्या गोळ्या तीन महिने, शिवाय केस गळतात म्हणून बायोटिन. बायोटिन चालू आहे, हॉर्मोनच्या गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. घरात दोन तट पडलेत: एक म्हणतो आजच सुरू करा, दुसरा म्हणतो या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही. राहायला फोंड्यात, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखवायची तयारी आहे. काय करावं आणि कुठल्या क्रमाने?

कुळागर
म्हादईताई, पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणजे हॉर्मोनचा असा बिघाड ज्यात बीज अनियमित सुटतं आणि पुरुषी हॉर्मोन जास्त असतं. आधी सोनोग्राफीचं बघू. ओव्हरीचं आकारमान लांबी × रुंदी × जाडी × ०.५२३ असं काढतात. त्या हिशेबाने उजवी १०.५ मिली, डावी ८.४. प्रौढ बाईसाठी १० मिलीची मर्यादा आहे आणि एका बाजूने ओलांडली तरी पुरते, म्हणून शेरा तसा पडला. पण ही मर्यादा तुमच्या भाचीला लावायचीच नसते. पहिल्या पाळीनंतर साधारण आठ वर्षं ओव्हरी मोठी आणि बारीक बीजकोशांनी भरलेली दिसणं निरोगी मुलींतही नेहमीचं आहे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या काळात निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका असं स्पष्ट आहे. २०२३ च्या आवृत्तीने किशोरवयात एएमएच ही रक्ततपासणीही निदानासाठी नको म्हटलं. हिला पाळी सुरू होऊन सहाच वर्षं झालीत.

२००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज अनियमित सुटणं, पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची खूण (अंगावर किंवा रक्तात), आणि सोनोग्राफीतलं चित्र. प्रौढांत तिसरीऐवजी आता एएमएचही चालतं. किशोरवयात तिसरी गोष्ट बाद, पहिल्या दोन्ही हव्यात.

पहिली हिच्यात आहे. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर २१ दिवसांच्या आत, ३५ दिवसांच्या पुढे किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या, यांतलं काहीही अनियमित धरतात. (सुरुवातीच्या एक ते तीन वर्षांत ४५ दिवसांपर्यंत सूट असते. चौदा वर्षांच्या मुलीला ४० दिवसांच्या पाळीवरून 'पीसीओडी' चिकटवलेले कागद नेहमी दिसतात, ते चूक आहे.)

दुसरी अर्धवट आहे. केसांसाठी नऊ जागा पाहतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, पाठीचा वरचा भाग, कंबर, दंड, मांड्या. प्रत्येकी ० ते ४ गुण, बेरीज ४ ते ६ किंवा जास्त भरली तर ती खूण. मऊ लव मोजायची नाही, फक्त जाड काळे केस. हनुवटीवरच्या पाच-सहा केसांचा जेमतेम एक गुण होतो. बाकीच्या आठ जागा कुणी पाहिल्या का? आणि थ्रेडिंग-वॅक्सिंग करून गेली तर डॉक्टरला काय दिसणार? चार आठवडे काही न काढता दाखवावं, निदान आधी काय काय होतं ते सांगावं. या वयात साध्या पुटकुळ्यांना पुरावा म्हणत नाहीत.

म्हणजे सगळं रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर (तेच ते पुरुषी हॉर्मोन) येऊन अडतं, आणि नेमकी तीच तपासणी झालेली नाही.

नळीवाला
कुळागर यांच्या पुढे लॅबच्या बाजूने.

बायोटिन आधी थांबवा. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांची रसायनं बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी येतो आणि टेस्टोस्टेरॉन खोटा जास्त. केसांच्या गोळ्या-गमींत ५ ते १० मिलिग्रॅम असतं, रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बंद हवं. तो ३.१ टीएसएच बायोटिन चालू असताना काढला असेल तर पुन्हा करून घ्या.

दुसरी गोम ॲसिडिटीच्या गोळीची. पँटोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन असलेली कॅप्सूल घराघरांत असते. डोम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचं हॉर्मोन) चढतं, प्रोलॅक्टिन चढलं की पाळी लांबते, आणि मग थेट मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी निघते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरना सांगा. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्यावर दोनेक तासांनी, थोडं शांत बसून द्यावं. किंचित वाढलेलं आलं तर आधी तपासणी पुन्हा, सोबत मॅक्रोप्रोलॅक्टिन (प्रोलॅक्टिनचा मोठ्या रेणूचा, सहसा निरुपद्रवी प्रकार).

नमुना कधी द्यायचा: पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी. पाळी येतच नसेल तर अडून बसू नका, डॉक्टर सांगतील त्या दिवशी द्या.

यादी अशी: टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (हे हॉर्मोनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन; या दोन्हींवरून फ्री अँड्रोजन इंडेक्स, म्हणजे मोकळ्या पुरुषी हॉर्मोनचा अंदाज, निघतो), सकाळचं १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच, एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून ओव्हरीला जाणारे संकेत), इस्ट्रॅडिऑल (ओव्हरीचं स्त्री-हॉर्मोन). १७-ओएच ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषासाठी असतं, त्यातही केस आणि पाळीचं चित्र हुबेहूब असंच दिसतं; २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या आत असेल तर तो दोष बहुतेक बाद. टेस्टोस्टेरॉनची पद्धत विचारून घ्या. बायकांत पातळी इतकी कमी असते की साध्या यंत्रावर आकडा डळमळतो, एलसी-एमएस पद्धत जास्त भरवशाची. थेट मोजलेल्या 'फ्री टेस्टोस्टेरॉन'वर पैसे घालू नका.

पॅकेजमध्ये आणखी दोन गोष्टी घुसवतात. एलएच-एफएसएचचं गुणोत्तर कुठल्याच निकषात नाही. उपाशीपोटीचं इन्सुलिन निदानालाही लागत नाही आणि उपचारही त्यावर ठरत नाही.

म्हादईकाठ
टीएसएच बायोटिन सुरू असतानाचाच आहे. हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करून महिन्याने हे रक्त दिलं तर चालेल? तिला लवकर बरं वाटावं एवढंच.

नळीवाला
नाही चालणार. गोळीने एसएचबीजी वाढतं, टेस्टोस्टेरॉन दबतं, आकडा सरळ दिसतो. मग खरी तपासणी करायची तर गोळी तीन महिने बंद ठेवावी लागते. आधी रक्त, मग गोळी.

कुळागर
अगदी. आणि साखरेची तपासणी विसरू नका, वजन कमी असलं तरी. ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची करा. हिमोग्लोबिन १०.४ असताना एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर) विसंबू नये, लोह कमी असेल तर तो आकडा फसवा वाढतो.

पद्धत: आधीचे तीन दिवस नेहमीसारखं भात-पोळीचं जेवण (मुद्दाम कमी खाल्लं तर निकाल बिघडतो), रात्रभर ८ ते १४ तास उपास, पाणी चालतं. सकाळी पहिलं रक्त. मग २५० ते ३०० मिली पाण्यात ग्लुकोज, पाच मिनिटांत संपवायचं. पुड्यावर 'मोनोहायड्रेट' असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे आणि तो वेळ बसून काढायचा, बाजारात फेरी मारून यायची नाही. उलटी झाली तर तपासणी रद्द. दोन तासांचा आकडा १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ मधली अवस्था, २०० किंवा वर मधुमेह.

दशमी_द्वादशी
एवढा खर्च कशाला? सोनोग्राफीत स्पष्ट दिसतंय, लक्षणं आहेत, डॉक्टरांनी गोळी लिहिलीय. निम्म्या गोव्याच्या मुलींना हेच आहे.

कुळागर
निम्म्या नाहीत, आणि शेरा वाचून गोळी सुरू केली की सुटतं काय, तेच सांगतो. थायरॉईड, वाढलेलं प्रोलॅक्टिन, ॲड्रिनलचा दोष यांचे उपचार पूर्ण वेगळे. क्वचित टेस्टोस्टेरॉन २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर, आवाज घोगरा, चार-सहा महिन्यांत झपाट्याने केस असं असतं; तिथे ओव्हरी किंवा ॲड्रिनलची गाठ शोधावी लागते.

सगळ्यात जास्त सुटतं ते आणखी वेगळंच. मुलगी सडपातळ आहे. गेल्या वर्षात वजन उतरलंय का, जेवण टाळते का, जिम किंवा धावणं वाढलंय का, परीक्षेचा ताण आहे का? पोटात कमी गेलं की मेंदूकडून ओव्हरीला जाणारा संकेतच मंदावतो आणि पाळी लांबते. सोनोग्राफीत तेव्हाही भरपूर बीजकोश दिसू शकतात. फरक रक्तात कळतो: एलएच कमी, इस्ट्रॅडिऑल कमी, टेस्टोस्टेरॉन वाढलेलं नाही. अशा मुलीला 'पीसीओडी आहे, भात सोड, वजन उतरव' सांगितलं तर आजार वाढतो.

राहिला खर्च. गोमेकॉच्या स्त्रीरोग ओपीडीत, म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात दाखवून काय काय तिथेच होतं ते विचारा, उरलेलंच बाहेर करा. जाताना शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा, किती दिवस रक्तस्राव, चालू असलेली सगळी औषधं (चेहऱ्याच्या ट्यूबसकट) कागदावर लिहून न्या. गोरं व्हायच्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्याने गालावर लव आणि पुटकुळ्या दोन्ही येतात.

दशमी_द्वादशी
स्टिरॉइडचं माहीत नव्हतं. बरं, सगळं नॉर्मल आलं तर? मग काहीच नाही म्हणायचं?

कुळागर
टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आलं आणि बाकीचं बाद झालं तर निदान झालं, सोनोग्राफीची गरजच नाही. नॉर्मल आलं, नऊ जागांची बेरीजही कमी भरली, तर 'शक्यता असलेली' असं नोंदवतात आणि पहिल्या पाळीपासून आठ वर्षांनी, म्हणजे हिच्या एकविसाव्या वर्षी, पुन्हा तपासतात. तोवर लक्षणांवर उपचार थांबत नाहीत.

एक गोष्ट मात्र निदानाची वाट पाहत नाही. बीज सुटलं नाही तर गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. ९० दिवस पाळी आली नाही की डॉक्टरकडे जायचं. वर्षाला किमान चार वेळा अस्तर निघून गेलं पाहिजे. त्यासाठी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज, ७ ते १० दिवस देतात, गोळ्या संपल्यावर साधारण आठवडाभरात रक्तस्राव होतो. आधी गरोदरपणाची चाचणी, मुलगी अविवाहित आहे म्हणून ती गाळायची नाही. दोन आठवड्यांत रक्तस्राव नाही झाला तर पुन्हा दाखवा, दुकानातून दुसरं पाकीट आणू नका.

काउंटरपल्याड
औषधांचं थोडं.

२१ दिवसांच्या पाकिटात काय आहे ते वाचा. एथिनिल इस्ट्रॅडिऑल २० किंवा ३० मायक्रोग्रॅम असेल तर नेहमीची गोळी. ३५ मायक्रोग्रॅम आणि सोबत सायप्रोटेरॉन असेल तर ती पहिली निवड नाही, रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त. आपल्याकडे मुरुमांसाठीसुद्धा ती सहज लिहून मिळते, म्हणून डॉक्टरना 'हीच का?' एवढं विचाराच.

सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलेला हवा. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येणारी अर्धशिशी, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात गुठळीचा त्रास, रक्तदाब, यांपैकी काही असेल तर गोळी सुरू करण्याआधी ते सांगायचं. चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर गोळी बंद आणि थेट इस्पितळ.

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग पडतात, त्याला घाबरून सोडू नये. पुटकुळ्यांना तीन महिने, केसांना सहा महिने ते वर्ष लागतं, कारण आधीच उगवलेला केस गोळीने गळत नाही, पुढचा बारीक येतो. तोवर थ्रेडिंग करा, त्याने केस जाड होत नाहीत. लेझर करायचं तर आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग यंत्र जास्त सुरक्षित. हॉर्मोन आटोक्यात नसताना नुसतं लेझर केलं तर केस परत येतात.

मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारी साखरेची गोळी) दिली तर ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणानंतर, आठवडा-दोन आठवड्यांनी एकेक गोळी वाढवत. पहिल्याच दिवशी १००० घेतली की जुलाब आणि 'मला सोसत नाही' म्हणून कायमची बंद. लांब पल्ल्याच्या गोळीचं रिकामं टरफल शौचात दिसतं, औषध अंगाला लागलेलं असतं. दीर्घकाळ घेतली तर बी१२ तपासत राहायचं. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हॉर्मोनचा परिणाम अडवणारी गोळी) चालू असताना गर्भ राहता कामा नये.

साखळीची_काकू
माहिती चांगली आहे. पण ताईंनी विचारलेलं ते राहिलंच, गोळ्यांनी मूल होत नाही म्हणतात ते? आणि लग्न झालं की हे आपोआप बरं होतं असंही ऐकलंय.

कुळागर
काकू, गोळी बंद केली की तिचा परिणाम जातो, बीज सुटण्याची मूळ सवय असेल तशी परत येते. ती आधीच अनियमित असल्याने दोष गोळीवर येतो. लग्नाने काही बदलत नाही. तिशीनंतर पाळी हळूहळू जवळ येते हे खरं, पण ते वयाने.

पीसीओएस असलेल्या बहुतेकींना मूल होतं. बीज सुटत नसेल तर पहिलं औषध लेट्रोझोल, पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत २.५ मिलिग्रॅमपासून. भारतात या कामासाठी त्यावर २०११ मध्ये बंदी आली होती, २०१७ मध्ये उठली. कुणी जुनी बातमी दाखवून घाबरवलं तर हे सांगा. आणि उलटंही लक्षात ठेवा: पाळी अनियमित म्हणजे गर्भ राहत नाही असं नव्हे, नको असेल तर साधन वापरावंच लागतं.

अळसांद्याचं_तोणाक
आहाराचं मी लिहिते. कुठलाही एक 'पीसीओएस डाएट' दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, त्यामुळे केटोवर पैसे घालू नका. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावर पाळीत फरक पडतो. या मुलीचं बीएमआय २१.६ आहे, तिला उतरवायला काही नाही. कंबर मात्र मोजा, ८० सेंमीच्या आत हवी.

शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, ताट फिरवा. अर्धं ताट भाजी (तांबडी भाजी, दोडकी, कोबी), पाव ताट बांगडा किंवा तारले नाहीतर अळसांदे-मूग, उरलेल्या पाव ताटात उकड्या तांदळाचा भात. ५० ग्रॅम कच्च्या तांदळाचा शिजून साधारण १४०-१५० ग्रॅम भात होतो, एका जेवणाला तेवढा पुरतो. मासा तळण्यापेक्षा हुमणात. नुसती पेज आणि लोणचं ही नाश्त्याची जोडी इथे नडते, तासाभरात भूक. पेजेसोबत उसळ किंवा अंडं घ्या.

तिजानाबद्दल (नाचणीच्या गोड खिरीबद्दल) गैरसमज फार. नाचणी वाटून गाळली की चोथा गेला, वर गूळ पडला. मग ते पौष्टिक गोड, साखर आटोक्यात ठेवणारं काही नव्हे. नाचणीची भाकरी करा. पोई (कोंड्याचा गोवन पाव) घेताना फोडून बघा. वर कोंडा भुरभुरलेला आणि आत पांढराशुभ्र मैदा असेल तर तो पावच.

१०.४ हिमोग्लोबिनकडे कुणाचं लक्ष दिसत नाही. पाळ्या कमी येऊनही रक्त कमी, म्हणजे आल्यावर अंगावरून फार जातं का, की खाण्यात लोह नाही? फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर नको, मधे तासाभराचं अंतर ठेवा. केस गळण्याचं अर्धं कारण इथेच निघू शकतं, मग बायोटिन हवं कशाला?

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं आणि दोन दिवस, सलग नव्हे, ताकदीचा. मान काळी पडली असेल तर लिंबाने घासू नका, तो मळ नसतो, इन्सुलिनची खूण असते.

दशमी_द्वादशी
आयनोसिटॉलची पुडी?

अळसांद्याचं_तोणाक
फारसं नुकसान नाही, पुरावा तोकडा. त्यातल्या दोन प्रकारांच्या ४०:१ वगैरे प्रमाणाला जाहिरातीपलीकडे ठाम आधार नाही. महिन्याचा खर्च बघून ठरवा, मेटफॉर्मिन लिहून दिली असेल तर तिच्या जागी घेऊ नका.

म्हादईकाठ
सगळ्यांचे आभार. क्रम लागला: बायोटिन बंद, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त, ग्लुकोजची तपासणी, मग रिपोर्ट घेऊन ओपीडी आणि गोळीचं तिथे ठरेल. तिने बोलणं कमी केलंय, मैत्रिणींत जात नाही, त्याचं?

कुळागर
तेही डॉक्टरपुढे ठेवा. या आजारात उदासपणा आणि चिंता जास्त आढळतात, म्हणून निदानाच्या वेळीच सगळ्यांना त्याबद्दल विचारावं असं मार्गदर्शक सूचनांत आहे. झोप, भूक, अभ्यासात लक्ष, जगणं नकोसं वाटतं का, हे तिला एकटीला विचारू द्या, तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

साखळीची_काकू
एक शेवटचं. चतुर्थीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घरात सगळ्याजणी घेतात. हिला चालतील?

काउंटरपल्याड
काकू, त्या नॉरएथिस्टेरॉनच्या, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. हिची तारीखच माहीत नाही, तर आधी कुठून मोजणार? अंदाजाने सुरू केल्या की पंधरा-वीस दिवस चालतात, मधेच डाग पडतात, आणि बंद केल्यावर येणारा रक्तस्राव पाळी म्हणून वहीत चढतो. तपासण्या पूर्ण होईपर्यंत देऊ नका. घेतल्याच असतील तर सुरू आणि बंद केल्याची तारीख वहीत वेगळ्या शाईने लिहा आणि रक्त देण्याआधी लॅबला सांगा.